कडी समोर वाजली पाहिजे : हेडफोनवर त्रिमितीय आवाज करायला निघालेल्यांसाठी

पहिल्यांदा केलेलं काम मी सहा जणांना ऐकवलं. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याचा चौक, ऐकणारा ओसरीवर बसलेला आणि त्याच्या समोर सहा मीटरवर दिंडी दरवाजाची कडी वाजते, असं माझ्या कागदावर होतं. कडी वाजली आणि सहांपैकी चौघांनी मान मागे वळवली. एकाने हेडफोन काढून विचारलं, "दार वाजलं का रे?" क्षणभर मला भारी वाटलं. मग लक्षात आलं, तो बघत होता त्याच्या पाठीमागच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे.

एकांकिकांचा साउंड ऑपरेट करता करता मी या प्रकारात शिरलो. शिकवायला कोणी नव्हतं. व्हिडिओ ढीगभर होते, पण बहुतेक सगळे आवाज डोक्याभोवती गरागरा कसा फिरवायचा यावर. फिरवणं सोपं असतं. एक आवाज एका जागी ठेवायचा आणि तो तिथेच आहे हे दुसऱ्याच्या कानाला पटवायचं, यात खरे महिने जातात. माझे सहा गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितोय. उदाहरण सगळीकडे त्या वाड्याच्या चौकाचंच ठेवतो.

आधी हे जमवा

- संगणक. चार-पाच वर्षं जुना लॅपटॉपही चालतो.
- वायरचा हेडफोन, कान पूर्ण झाकणारा. ब्लूटूथ नको, आवाज दाबणारं नॉइज कॅन्सलिंगही नको. दोन्हींत मधे काहीतरी प्रक्रिया होते आणि आपण काय ऐकतोय याचा भरवसा राहत नाही.
- रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं. पुढे वापरणार असाल तर लायसन्स घ्या.
- आयईएम प्लगइन सूट, म्हणजे रीपरच्या आत चालणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरांचा संच. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संस्थेने तयार केलेला, मोफत.
- रेकॉर्डर. नसेल तर सुरुवातीला मोबाइल.
- कागद, मोजपट्टी आणि शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक. हसू नका, सगळ्यात जास्त हेच वापराल.
- दोन-तीन माणसं, ज्यांनी तुमचं काम आधी ऐकलेलं नाही.

वायरी, जॅक, कन्व्हर्टर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात, पण दुकानातून निघण्यापूर्वी तपासा. एकदा घेतलेल्या एक्स्टेन्शन वायरमध्ये डावं-उजवं उलटं जोडलेलं होतं. दोन संध्याकाळी मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो. आता मोबाइलमध्ये एक दहा सेकंदांची फाइल कायम ठेवतो : डाव्या कानात "डावा", उजव्या कानात "उजवा". वायर विकत घेताना, हेडफोन बदलताना, सभागृहात पोचल्यावर, सगळीकडे आधी ती वाजते.

१. कान जागा कशी ओळखतात ते समजून घ्या

ही पायरी टाळून थेट प्लगइन उघडायचा मोह होतो. टाळू नका, कारण पुढे काही बिघडलं की दोष नेमका कुठे आहे ते इथूनच कळतं.

डावीकडून आलेला आवाज आधी डाव्या कानाला भेटतो, मग डोक्याला वळसा घालून उजव्याला. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. डोक्याचा वळसा २२-२३ सेंटिमीटरचा. त्यामुळे दोन कानांतला जास्तीत जास्त उशीर सुमारे ०.६५ मिलिसेकंद. ४८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने (सॅम्पल) असलेल्या फाइलमध्ये ही फक्त ३१ सॅम्पल झाली. एवढ्याशावर मेंदू डावं-उजवं ठरवतो.

दुसरी खूण डोक्याच्या सावलीची. बारीक, उंच स्वर डोक्याला अडतात आणि पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतात. जाड स्वरांची लहर डोक्यापेक्षा कितीतरी मोठी असते, १०० हर्ट्झची तर जवळजवळ साडेतीन मीटर. ती डोक्याला जुमानतच नाही. साधारण १५०० हर्ट्झच्या खाली वेळेचा फरक कामाला येतो, वर जोराचा. लॉर्ड रॅले यांनी ही दुहेरी मांडणी १९०७ मध्येच केली होती.

आता नेहमीच्या पॅनच्या, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवणाऱ्या खुंटीकडे बघा. ती फक्त जोर बदलते, उशीर नाही आणि सावलीही नाही. म्हणून हेडफोनवर पूर्ण डावीकडे पॅन केलेला आवाज डाव्या कानात डास शिरल्यासारखा वाटतो. डावीकडच्या नळाचा वाटत नाही.

तिसरी खूण कानाच्या पाळीची, आणि गंमत हिच्यात आहे. पाळीच्या घड्यांवर आपटून आवाज कानात शिरतो तेव्हा साधारण ६ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कुठेतरी एक खड्डा पडतो. आवाज वर सरकला की खड्डाही सरकतो. वर-खाली आणि पुढे-मागे हे मेंदूला बहुतांशी यावरून कळतं. समोर ३० अंशांवरचा आणि मागे १५० अंशांवरचा आवाज, दोन्हींत वेळेचा आणि जोराचा फरक जवळपास सारखाच असतो. निर्णय पाळीवर येतो. प्रत्यक्षात शंका आली की आपण मान किंचित हलवतो आणि गुंता सुटतो. हेडफोनवर मात्र मान हलवली की अख्खा वाडा मानेबरोबर फिरतो.

माझी कडी मागे का गेली याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं असं : प्लगइनमध्ये या तिन्ही खुणा कोणाच्या तरी डोक्यावर मोजून भरलेल्या असतात, बहुतेक वेळा कानात माइक बसवलेल्या कृत्रिम डोक्यावर. अशा मोजणीला एचआरटीएफ म्हणतात. ते कान तुमचे नसतात. दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचण्यासारखं आहे हे. कोणाला स्वच्छ दिसतं, कोणाला अक्षरं सरकलेली. डावं-उजवं जवळपास सगळ्यांना जमतं, समोर-मागे आणि वर-खाली माणसागणिक बदलतं. म्हणून फक्त स्वतःच्या कानांवर काम पास करायचं नाही.

२. चौक कागदावर काढा

सॉफ्टवेअर अजून उघडायचं नाही. कागदाच्या मध्यावर ऐकणारा काढा आणि तो कुठे तोंड करून बसलाय ते बाणाने दाखवा. मग एकेक आवाज : कोन, अंतर, उंची. माझा कागद असा होता :

- दिंडीची कडी : समोर, ६ मीटर
- नळाखाली भरणारी पितळी कळशी : डावीकडे ७० अंश, ३ मीटर, जमिनीजवळ
- माडीवरची आजीची पावलं : उजवीकडे ४० अंश, वर
- वाशांवरची कबुतरं : डोक्यावर, थोडी मागे
- देवघरातली घंटा : मागे उजवीकडे १४० अंश, घराच्या आत
- भंगारवाल्याची हाळी : बाहेरच्या बोळातून, डावीकडून उजवीकडे

सहाच. पहिल्या कामात याहून जास्त घेऊ नका. आणि यांतला एकच आवाज हलता आहे हेही बघून ठेवा.

३. आवाज गोळा करा : मोनो, जवळून, कोरडे

मोनो म्हणजे डावं-उजवं नसलेला, एकाच माइकचा; कोरडा म्हणजे घुमारा नसलेला. ज्या आवाजाला जागा द्यायची, त्याच्यावर आधीच दुसऱ्या जागेचा शिक्का असता कामा नये. बाथरूममध्ये रेकॉर्ड केलेली घंटा कुठेही ठेवा, ती बाथरूममध्येच वाजते. म्हणून माइक जवळ, भिंती लांब. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर उभं राहायचं आणि मागे दोन गोधड्या टांगायच्या, एवढ्यात घरगुती स्टुडिओ तयार होतो. इंटरनेटवरून घेतलेले तयार आवाज बरेचदा स्टिरिओ असतात आणि त्यात घुमारा मिसळलेला असतो. ते टाळा, निदान मोनो करून मग वापरा.

पुण्यात शांतता मिळणं हाच खरा खर्च. दुपारी एक ते चार पेठा झोपतात असं म्हणतात, पण रिक्षा झोपत नाहीत. मला रात्री दोन ते पाचचा वेळ मिळाला. एप्रिलमध्ये तोही साडेचारला कोकिळेने संपवला. गणपतीच्या दहा दिवसांत हा नाद सोडा. उघड्यावरचे पक्षी हवे असतील तर तळजाई, उजाडायच्या आधी. मोरही मिळतात. मंडईत किंवा कोणाच्या वाड्यात रेकॉर्डर काढणार असाल तर आधी विचारा, आणि लोकांचं खासगी बोलणं टिपलं गेलं असेल तर पुसून टाका.

खरी वस्तू मिळालीच पाहिजे असं नाही. माडीवरची पावलं मी चार विटांवर लाकडी पाट ठेवून टाचेने केली. कबुतरांनी मात्र धडा शिकवला. घुमणं मी सुंदर रेकॉर्ड केलं होतं, पण ते डोक्यावर जाईचना, घशापाशीच अडकायचं. कारण पहिल्या पायरीत सांगितलंय : उंची कळते ती ६ किलोहर्ट्झच्या पुढच्या पट्ट्यात, आणि कबुतराचं घुमणं त्याच्या फार खाली. शेवटी जुने कातडी हातमोजे माइकसमोर झटकून पंखांची फडफड केली. ती थेट वाशांवर जाऊन बसली, आणि मागोमाग आलेलं घुमणंही लोकांना वरूनच ऐकू आलं. उंचावर काही ठेवायचं असेल तर खरखर, सळसळ, किणकिण असलेला आवाज निवडा. ढोल वर जात नाही.

४. रीपरमध्ये मांडणी

आपण अँबिसॉनिक्स पद्धत वापरतोय. १९७० च्या दशकात मायकेल गर्झन यांनी उभी केलेली ही पद्धत. प्रत्येक आवाज आधी एका अदृश्य गोलावर ठेवायचा आणि शेवटी तो अख्खा गोल हेडफोनसाठी किंवा स्पीकरसाठी उलगडायचा. फायदा असा की उलगडणारं प्लगइन बदललं की तोच मिक्स दुसरीकडे चालतो. गोल किती बारकाईने रेखायचा याला ऑर्डर म्हणतात. पहिल्या ऑर्डरला ४ चॅनल, म्हणजे आवाजाच्या ४ समांतर वाटा, तिसरीला १६. तिसरी घ्या. पहिलीत सगळं धूसर होतं.

क) 'चौक' नावाचा ट्रॅक करा. त्याची चॅनलसंख्या १६.

ख) प्रत्येक आवाजाचा वेगळा ट्रॅक, प्रत्येकाची चॅनलसंख्या १६. त्यावर आवाज गोलावर ठेवणारं स्टिरिओ एन्कोडर प्लगइन. नावावर जाऊ नका, मोनोलाही हाच चालतो, रुंदी शून्यावर ठेवायची.

ग) प्रत्येक ट्रॅकचा मास्टरकडे, म्हणजे शेवटच्या आउटपुटकडे जाणारा रस्ता बंद करा आणि 'चौक'कडे सेंड, म्हणजे आवाज पाठवणारी जोडणी काढा. सेंड १ ते १६ चॅनलचा.

घ) 'चौक'वर बायनॉरल डिकोडर, म्हणजे गोल दोन कानांसाठी उलगडणारं प्लगइन. तिथून दोन चॅनल मास्टरला.

झालं एवढंच, पण यात तीन खड्डे आहेत आणि तिन्हींत मी पडलोय.

पहिला खड्डा सेंडचा. रीपर सेंड काढताना आपल्या मनाने पहिले दोनच चॅनल जोडतं. अँबिसॉनिक्सच्या आजच्या क्रमात पहिला चॅनल सर्व दिशांचा, दुसरा डाव्या-उजव्याचा, तिसरा वर-खालीचा, चौथा पुढे-मागेचा. दोनच गेले तर डावं-उजवं झकास चालतं आणि पुढे-मागे, वर-खाली काहीच होत नाही. मी आठवडाभर माझ्या कानांनाच दोष देत होतो.

दुसरा, मास्टरचा रस्ता चालू राहणं. मग कच्चा आवाज आणि मांडलेला आवाज एकदम वाजतात आणि सगळं कपाळाच्या आत बसतं.

तिसरा, चिन्हांचा. या प्लगइनमध्ये कोन घड्याळाच्या उलट मोजतात. अधिक ९० म्हणजे डावीकडे. कोनमापकाने काढलेला कागद उजवीकडे अधिक धरून केला असेल तर सगळा वाडा आरशातला होईल. दुसऱ्या कंपनीचं प्लगइन मधे घातलंत तर चॅनलचा क्रम आणि पातळीची पद्धत दोन्हीकडे एकच आहे का तेही बघा.

५. एकेक आवाज जागेवर बसवा

सगळे ट्रॅक म्यूट करा. फक्त कळशी उघडा. डावीकडे ७० अंश. डोळे मिटा आणि बोट दाखवा. नंतर डोळे उघडून बोट कुठे आहे ते बघा. पटलं की पुढचा.

बाजूच्या आवाजांवर फार वेळ घालवू नका. समोर आपल्याला एक-दोन अंशांचा फरकही कळतो, बाजूला मात्र दहा-पंधरा अंश इकडे-तिकडे झाले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. कळशी ७० वर की ८० वर, यावर रात्र घालवणं म्हणजे हौस. कळशीचं दुसरंच एक सुख आहे. भरत येते तसा तिचा स्वर चढत जातो, त्यामुळे ऐकणाऱ्याचं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जातं आणि तिची जागा पक्की होते. सलग एकसुरी वाजणारा आवाज मेंदू विसरतो.

मागचे आवाज फुकटात मिळतात. जे दिसत नाही ते मागे असणार असं मेंदू धरूनच चालतो. घंटा लगेच बसली.

आता समोरचा प्रश्न, म्हणजे कडी. मी जे जे करून पाहिलं त्यातलं चाललेलं सांगतो.

अगदी शून्य अंशावर ठेवू नका. तिथे दोन्ही कानांना तंतोतंत सारखंच मिळतं आणि आवाज नाकाच्या मागे येऊन बसतो. १५-२० अंश बाजूला सरकवा.

खोलीचे पडसाद द्या. स्टिरिओ एन्कोडरच्या जागी रूम एन्कोडर घाला, त्यात लांबी-रुंदी-उंची टाका आणि कडी व ऐकणारा दोघांना जागेवर ठेवा. जमिनीवरून, बाजूच्या भिंतींवरून आलेले पहिले पडसाद आवाजाला डोक्याबाहेर ओढतात. आपला चौक वरून उघडा आहे, म्हणून छताची भिंत पूर्ण दाबून टाका. हे केलं त्या क्षणी हेडफोनमध्ये आभाळ उघडल्यासारखं झालं. अख्ख्या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण तो.

कडीचाच आवाज बदला. पहिली कडी जाड, लाकडावर दणकन आदळणारी होती. दुसरी घेतली लोखंडी साखळीची, खुळखुळ जास्त असलेली. पाळीला काम मिळालं.

आणि शेवटचा उपाय, ज्यात तंत्र काहीच नाही : सांगून टाका. कडी वाजण्याच्या आधी माडीवरून आजीचा आवाज टाकला, "अरे समोर दिंडी वाजतेय, बघ कोण आलंय." पुढच्या वेळी ऐकवताना खुर्च्याही खऱ्या दाराकडे तोंड करून मांडल्या. सहांपैकी पाच जणांनी समोर पाहिलं. सहाव्याला अजूनही मागूनच ऐकू येतं, त्याचे कान निराळे आहेत. ही चलाखी वाटत असेल तर वाटू द्या. घरातही दार वाजल्यावर आपण कानाने कमी आणि दार कुठे आहे या माहितीने जास्त ओळखतो.

६. अंतर : फेडर खाली ओढणं पुरेसं नाही

नवखे लोक लांबचा आवाज म्हणजे हळू आवाज धरतात आणि फेडर, म्हणजे ट्रॅकचा जोर ठरवणारी सरकपट्टी, खाली ओढतात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो हे खरं. पण नुसता हळू आवाज लांबचा वाटत नाही, हळू वाजवलेला वाटतो.

बंदिस्त जागेत अंतर कळतं ते थेट आवाज आणि घुमारा यांच्या प्रमाणावरून. माणूस खोलीत लांब गेला की त्याचा थेट आवाज उतरतो, घुमारा साधारण तेवढाच राहतो. रीपरमध्ये हे करायला एक सोपी युक्ती आहे : रिव्हर्बकडे, म्हणजे घुमारा देणाऱ्या प्लगइनकडे जाणारा सेंड प्री-फेडर ठेवा, म्हणजे तो फेडरच्या आधीच निघतो. मग फेडर खाली ओढला की फक्त थेट आवाज कमी होतो, घुमारा जागेवर राहतो आणि वस्तू मागे सरकते. देवघरातली घंटा मी अशीच तीन खोल्या आत नेली. रूम एन्कोडर वापरलेल्या आवाजांना हे बरंचसं आपोआप मिळतं, तिथे दुहेरी करू नका.

अगदी जवळचं उलट असतं : घुमारा जवळजवळ शून्य, जाड स्वर भरलेले, श्वास-थुंकीचे बारकावे ऐकू येणारे. कानाशी कुजबुज हवी असेल तर माइकशी कुजबुजूनच रेकॉर्ड करा. ओरडून रेकॉर्ड केलेला आवाज कितीही हळू करा, तो लांबून ओरडणाराच राहतो.

७. हलता आवाज

भंगारवाला बोळातून चालतो. साधारण सेकंदाला एक मीटर, हातगाडीसकट त्याहून हळू. माझ्या पहिल्या आवृत्तीत तो मोटारसायकलवर असल्यासारखा गेला. रूम एन्कोडरमध्ये जागा झटकन बदलली तर स्वरही सरकतो, मग तर हाळी बेसूरच होते.

तो भिंतीपलीकडे आहे, म्हणून उंच स्वर कापले. कापल्यावर त्याची जागा पुसट झाली, आणि तसंच व्हायला हवं. फक्त दिंडीसमोरून जाताना, दीड-दोन सेकंद, स्वर मोकळे सोडले. तेवढ्यात दिंडी उघडी आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता कळलं. कडी समोर आहे हेही त्याने आणखी पक्कं केलं.

८. कानात माइक घालून रेकॉर्ड करायचं असेल तर

ही वेगळी वाट. दोन छोटे माइक स्वतःच्या कानांत बसवायचे आणि जे ऐकतोय तेच टिपायचं. तयार जोड मिळतात. हौशी लोक इलेक्ट्रेट कॅप्सूल आणि स्पंज वापरून घरीही करतात. रेकॉर्डरला प्लग-इन पॉवर, म्हणजे माइकला रेकॉर्डरमधूनच मिळणारी वीज, आहे का ते आधी बघा, नाहीतर माइक मुकेच राहतात.

मान हलवायची नाही. महात्मा फुले मंडईत मी एकदा ओळखीच्या भाजीवालीकडे वळून बघितलं आणि ती अष्टकोनी इमारत रेकॉर्डिंगमध्ये गर्रकन फिरली. आवंढा गिळू नका, वायर शर्टावर घासू देऊ नका, चपला काढून उभे राहा. आणि असं रेकॉर्डिंग वरच्या एन्कोडरमधून पुन्हा घालू नका. त्यात कानाची पाळी आधीच आहे, दुसरी चढवली की सगळं नाकात बोलल्यासारखं होतं. ते थेट मास्टरला द्या, पार्श्वभूमी म्हणून. त्यावर मांडलेले आवाज छान बसतात.

९. फाइल काढणं आणि पाठवणं

मूळ फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. वाटायला ३२० केबीपीएसची एमपी-थ्री. फार दाबलेल्या फाइलमध्ये दोन कानांतले बारीक फरक आधी मरतात. मास्टरवर स्टिरिओ रुंद करणारं काहीही लावू नका. कॉम्प्रेसर, म्हणजे जोराचे चढ-उतार कमी करणारं प्लगइन, लावलाच तर डावं-उजवं एकत्र जोडलेला, नाहीतर तो दोन कानांतला फरक सपाट करून टाकतो.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत लिहा : हेडफोन लावा, डावा डावीकडे, फोनमधले डॉल्बी किंवा थ्रीडी इफेक्ट बंद करा, अॅक्सेसिबिलिटीतलं मोनो ऑडिओ बंद आहे ना बघा. एवढं लिहूनही माझ्या आत्याचा निरोप आला, "छान आहे, पण साधंच वाटलं." तिने फोनच्या स्पीकरवर ऐकलं होतं, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. तेव्हापासून फाइलच्या सुरुवातीलाच डाव्या-उजव्याची तपासणी बोलून ठेवतो.

१०. नाटकात वापरायचं असेल तर

हेडफोनचा मिक्स सभागृहात लावू नका. स्पीकरवर डावा आवाज उजव्या कानालाही जातो, मांडलेलं सगळं विस्कटतं आणि स्वरही पोकळ होतो. 'चौक' ट्रॅक तोच ठेवून डिकोडर बदलता येतो, चार किंवा आठ स्पीकरसाठी. त्यासाठी तेवढे आउटपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकातला आवाज स्पीकरांकडे नेणारं उपकरण लागतं. पण मधल्या काही खुर्च्या सोडल्या तर बाकीच्यांना जो स्पीकर जवळ त्यातूनच सगळं ऐकू येतं. आवाज एका मीटरला ३ मिलिसेकंद घेतो, आणि कान आधी आलेल्याचंच ऐकतात. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवलं की त्याच आवाजाची दुसरी प्रत काही मिलिसेकंदांनी उशिरा आली तर ती बरीच मोठी असली तरी दिशा पहिल्याचीच वाटते.

त्याचाच फायदा घ्या. माझं मत विचाराल तर नाटकात त्रिमितीय आवाजाचा उत्तम मार्ग म्हणजे खऱ्या जागी खरा स्पीकर. नेपथ्यातल्या कपाटात एक लहान स्पीकर लपवा आणि फोन तिथेच वाजू द्या. त्याचा जोर मागच्या रांगेपर्यंत पोचत नसेल तर मुख्य स्पीकरमधून तोच आवाज आधाराला द्या, पण उशिरा. कपाट मुख्य स्पीकरच्या सहा मीटर मागे असेल तर त्याचे १८ मिलिसेकंद, वर आणखी १० : मुख्य स्पीकरला २८ मिलिसेकंद डिले. प्रेक्षकांना आवाज भरपूर येतो आणि फोन कपाटातच वाजतो.

तालमीच्या दिवशी दोन गोष्टी तपासा. एक, फेज : मध्यभागी माणसाचं साधं बोलणं वाजवा. ते मधे न येता दोन्ही बाजूंना पसरून पोकळ वाटलं, तर एका स्पीकरची वायर उलटी आहे. दोन, तिथल्या साउंडवाल्याला स्पष्ट विचारा की दोन्ही बाजूंना वेगवेगळा सिग्नल जातो का. "स्टिरिओ आहे" या उत्तरावर थांबू नका, डाव्या-उजव्याची फाइल लावा. एका सभागृहात आम्ही हे विचारलं नाही. पहिल्या प्रयोगाला आमचा भंगारवाला डावीकडून निघाला, आणि तीन मिनिटं रंगमंचाच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी उभा राहून ओरडत राहिला.